गहाण पडलेलं लायसन्स

गेले तीन शनिवार काही लिहिणं झालं नाही, कारण माझं लायसन्स अडकलं होतं. 'लायसन्स अडकलं' म्हणजे नक्की काय होतं हे महिनाभरापूर्वी मलाही माहीत नव्हतं. आता मी या विषयावर तासभर बोलू शकतो. ऑफिसात लंचच्या वेळी तसा प्रयोग दोनदा करूनही झालाय. तिसऱ्या दिवशी लोक वेगळ्या टेबलवर बसले, म्हणून आज इथे.

तर झालं असं की, एच-वन-बी वर टेक्सासमध्ये राहणाऱ्याचं लायसन्स व्हिसाच्या मुदतीपुरतंच असतं. एक्स्टेन्शनचा कागद आला की तो घेऊन लायसन्सच्या ऑफिसात जायचं, नंबर लावायचा, फोटो काढायचा. मी गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले, काहीतरी टाईप केलं, आणि माझ्याकडे शाळेतल्या बाई गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघतात तसं बघितलं. "होल्ड आहे तुझ्या नावावर," म्हणाल्या. एका गावच्या कोर्टाचा फोन नंबर छापलेला कागद हातात दिला आणि पुढचा नंबर पुकारला.

गावाचं नाव वाचल्यावर आठवलं. दीड वर्षापूर्वी लाँग वीकएंडला ह्यूस्टनला जाताना ६५ च्या रस्त्यावर ७८ ने जात होतो. मागे निळे-लाल दिवे लागले. पोलिसाने अतिशय अदबीने 'सर सर' करत तिकीट दिलं. इथे ऑनलाईन सेफ ड्रायव्हिंगचा कोर्स केला की असं तिकीट रद्द होऊ शकतं, पण त्यासाठी ठरलेल्या तारखेच्या आत कोर्टाकडे तशी विनंती करावी लागते. करू की पुढच्या आठवड्यात, असं म्हणालो. मग रिलीज आली, मग अपार्टमेंट बदललं. पत्ता बदलला की तीस दिवसांत कळवायचा असतो. मी बँकेला कळवलं, अॅमेझॉनला कळवलं, राज्य सरकारला कळवायचं राहिलं. कोर्टाची पत्रं इमानेइतबारे जुन्या पत्त्यावर जात राहिली. हजर न राहिल्याबद्दल वॉरंट निघालं, वसुलीवाल्यांकडे केस गेली, आणि शेवटी डेटाबेसमध्ये माझ्या नावापुढे कोणीतरी एक फ्लॅग चढवला.

चूक शंभर टक्के माझी, हे आधीच सांगून टाकतो. आईला फोनवर सांगितलं तर तिने पहिलं वाक्य टाकलं, "तुझ्या बाबांचंही असंच झालं होतं." आमच्या बाबांचं लायसन्स नव्वदच्या दशकात पुण्यात एका चौकात मामांनी जमा करून घेतलं होतं. सिग्नल तोडला, खिशात पैसे नव्हते, आणि तोडपाणी करायचं नाही हा बाबांचा बाणा. मग पावती घेऊन दुसऱ्या दिवशी ऑफिसातून हाफ डे टाकून दंड भरला आणि लायसन्स सोडवून आणलं. 'सोडवून आणलं' हा शब्द आईचाच. तो गहाण टाकलेल्या बांगड्यांना वापरतात तसा आहे, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

आणि मग गाडीविना घरात बसून दुसरं करायचं काय? वाचत बसलो. लायसन्स ही गहाण ठेवायची वस्तू कधीपासून झाली, हा प्रश्न डोक्यात होता. (पुण्यातले मित्र आता हसतील, कारण त्यांच्या गाड्यांवर ई-चलानं साठतात आणि ते लोकअदालतीत सवलत मिळायची वाट बघत बसतात. हसा.)

सुरुवातीला लायसन्सचा पैशांशी काही संबंधच नव्हता. गाडी चालवायला लायसन्स हवं असं म्हणणारी पहिली राज्यं म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि मिसुरी, साल १९०३. तेव्हा बहुतेक ठिकाणी परीक्षा वगैरे नव्हती. चालवून दाखवायची परीक्षा प्रथम ऱ्होड आयलंडने १९०८ मध्ये आणली. शेवटून पहिला नंबर साउथ डकोटाचा. तिथे १९५४ पर्यंत लायसन्सच लागत नसे, आणि परीक्षा आली १९५९ मध्ये! म्हणजे आमचे बाबा जन्माला आले तेव्हा साउथ डकोटात कोणीही परीक्षा न देता गाडी हाकू शकत होतं.

पैसा आला तो १९२५ मध्ये, आणि चांगल्या हेतूने आला. रस्त्यावर गाड्या प्रचंड वाढल्या होत्या, अपघात वाढले होते, आणि ज्याच्या गाडीखाली माणूस आला त्याच्याकडे भरपाई द्यायला दमडी नसायची. यावर मॅसॅच्युसेट्सने सरळ मार्ग काढला: प्रत्येक गाडीला विमा सक्तीचा, १९२७ पासून. शेजारच्या कनेक्टिकटने दुसरा मार्ग काढला. विमा सक्तीचा नाही, पण अपघात केलास तर भरपाई देण्याची ऐपत दाखव, नाहीतर गाडी चालवणं बंद. बाकीची राज्यं मॅसॅच्युसेट्सच्या नाही, कनेक्टिकटच्या वाटेने गेली. पुढच्या काही दशकांत जवळपास सगळीकडे असे कायदे झाले. ज्याचा पाय मोडला त्याला पैसे मिळावेत यासाठी ज्याने मोडला त्याचं लायसन्स ओलीस. यात मला तरी काही गैर वाटत नाही. १९४१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टालाही वाटलं नाही. कोर्टाने निकाल दिलेली भरपाई न भरणाऱ्याचं लायसन्स काढून घेणारा न्यूयॉर्कचा कायदा तेव्हा कोर्टाने उचलून धरला.

मग उजाडलं १९७१. त्या एका वर्षात, मार्च ते जून एवढ्या काळात, सुप्रीम कोर्टाने या विषयाला धरून तीन निकाल दिले. ते तिन्ही मी वाचून काढले (वीकएंडला गाडी नसलेला माणूस काय काय वाचू शकतो बघा).

पहिला निकाल २ मार्चचा, टेट विरुद्ध शॉर्ट. हा आमच्याच टेक्सासचा, ह्यूस्टनचा. टेटवर वाहतुकीचे नऊ गुन्हे, दंड सगळा मिळून ४२५ डॉलर. मिळेल ते काम करून आठवड्याला २५ ते ६० डॉलर कमावणारा माणूस, घरी बायको आणि दोन मुलं. कोर्ट म्हणालं, पैसे नाहीत? मग म्युनिसिपालिटीच्या तुरुंग-शेतावर काम कर, दिवसाला पाच डॉलर वळते करू. ४२५ भागिले ५, म्हणजे ८५ दिवस. गंमत अशी की टेक्सासच्या कायद्यात या गुन्ह्यांना फक्त दंडच होता, तुरुंग नव्हताच. ज्याच्याकडे पैसे होते तो चेक फाडून घरी गेला असता. पैसे नसलेल्यासाठी मात्र त्याच गुन्ह्याची शिक्षा आपोआप ८५ दिवसांची कैद झाली. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हे चालणार नाही. केवळ गरीब आहे म्हणून दंडाचं रूपांतर तुरुंगात करता येणार नाही, हप्ते द्या किंवा दुसरा मार्ग शोधा.

दुसरा निकाल २४ मेचा, बेल विरुद्ध बर्सन. जॉर्जियातले एक पाद्री, तीन खेडेगावांतल्या लोकांकडे गाडीने फिरून आपलं काम करायचे. नोव्हेंबर १९६८ मधल्या एका रविवारी पाच वर्षांची एक मुलगी सायकलवरून येऊन त्यांच्या गाडीच्या बाजूवर आदळली. मुलीच्या आई-वडिलांनी पाच हजार डॉलर भरपाई मागितली. पाद्रीबुवांकडे विमा नव्हता. राज्याने कळवलं, पाच हजारांची हमी भरा, नाहीतर लायसन्स जाईल. हे म्हणाले, अहो पण माझी चूकच नव्हती, ते तरी ऐकून घ्या! उत्तर आलं, चूक कोणाची हा आमचा विषय नाही. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी निकाल लिहिला (टेटचाही त्यांनीच लिहिला होता). त्यांचं म्हणणं असं की, एकदा लायसन्स दिलं की माणसाचं पोट त्यावर अवलंबून राहू शकतं. त्यामुळे त्याचं म्हणणं ऐकून न घेता ते काढून घेता येणार नाही.

तिसरा निकाल १ जूनचा, पेरेझ विरुद्ध कॅम्पबेल, ॲरिझोनाचा. नवरा गाडी चालवत होता, अपघात झाला, विमा नव्हता, दोघांवर भरपाईचा निकाल लागला. पुढे नवरा-बायकोने रीतसर दिवाळं काढलं. दिवाळखोरीच्या कायद्याने कर्ज माफ होतं, पण ॲरिझोनाने लायसन्स काही सोडलं नाही. तेही दोघांचं, गाडी न चालवणाऱ्या बायकोचंसुद्धा! सुप्रीम कोर्ट म्हणालं, केंद्राच्या कायद्याने जे कर्ज माफ झालं त्यासाठी राज्याने लायसन्स अडकवून ठेवता येणार नाही. १९४१ च्या निकालात केलेला विचार त्यांनी स्वतःच मोडीत काढला.

हे तीन निकाल एकापुढे एक ठेवले की वाटतं, चला, प्रश्न मिटला. गरिबाला दंडासाठी तुरुंग नाही, ऐकून घेतल्याशिवाय लायसन्स जप्त नाही. मलाही तसंच वाटलं होतं. पण निकालांमध्ये एक फट राहिली. तुरुंग बंद केला, पण दंड न भरणाऱ्याचं लायसन्स काढून घ्यायचं की नाही, यावर टेटचा निकाल गप्प आहे. आणि बेलचा निकाल सांगतो फक्त 'आधी ऐकून घ्या'. नोटीस पाठवली, सुनावणीची तारीख दिली, माणूस आला नाही, तर काय? नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, तर काय? (इथे मी जरा अस्वस्थ झालो.)

या फटीतून पुढच्या चाळीस वर्षांत अख्खा हत्ती गेला.

एक कारण माझ्याच धंद्यातलं आहे. एखाद्याला पकडून तुरुंगात ठेवायचं तर पोलीस लागतो, कोठडी लागते, जेवण द्यावं लागतं. लायसन्स बंद करायला काय लागतं? डेटाबेसमध्ये एक फील्ड अपडेट करायचं आणि एक पत्र छापायचं. नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर १९६० मध्ये सुरू झालं, सत्तरच्या दशकात राज्याराज्यांत असे करार झाले की एका राज्यात तिकीट भरलं नाही तर दुसऱ्या राज्यात लायसन्स बंद. सगळं कॉम्प्युटरवर आल्यावर तर काय, रात्री एक बॅच जॉब चालवला की हजारो लायसन्स सस्पेंड. माझ्या वर्गातली अर्धी मुलं असलेच जॉब लिहून पोट भरतात. कोणी मुद्दाम दुष्टपणा करत नाही. रिक्वायरमेंट येते, आपण कोड लिहितो.

इतकं स्वस्त हत्यार हातात आल्यावर ते कुठेही वापरलं जाणारच. मुलांच्या पोटगीची थकबाकी असेल तर लायसन्स अडवण्याची सोय ठेवा, असं १९९६ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना सांगितलं. काही राज्यांत शाळा बुडवणाऱ्या पोरांचंही लायसन्स जायचं. गाडी नीट चालवता येते की नाही याच्याशी यातल्या कशाचाही संबंध नाही.

पण या सगळ्यावर कडी केली ती आमच्या टेक्सासने, २००३ मध्ये. राज्याच्या बजेटला जवळपास दहा अब्ज डॉलरचं भगदाड होतं. त्या वर्षीच्या एका अवाढव्य वाहतूक विधेयकात 'ड्रायव्हर रिस्पॉन्सिबिलिटी प्रोग्रॅम' नावाची योजना आली. कोर्टात दंड भरलात तो वेगळा. त्याशिवाय राज्याला सरचार्ज, आणि तोही एकदा नाही, दर वर्षी असा तीन वर्षं. विम्याशिवाय गाडी चालवली, वर्षाला २५०. लायसन्सशिवाय चालवली, १००. दारू पिऊन चालवली, १००० आणि वर. नाही भरलं तर लायसन्स आपोआप सस्पेंड. आणि आता नीट वाचा: सस्पेंड झालेल्या लायसन्सवर गाडी चालवताना पकडलं, तर त्याचाही वर्षाला २५०, तीन वर्षं! म्हणजे ७५० भरता आले नाहीत म्हणून लायसन्स गेलं, लायसन्स नाही पण कामावर तर जायचंय म्हणून गाडी काढली, पकडलं, की अजून ७५०. शिवाय हा गुन्हा दुसऱ्यांदा झाला तर टेक्सासमध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. टेटला १९७१ मध्ये ज्या दारातून बाहेर काढलं, त्याच्यासारख्यांना मागच्या दाराने पुन्हा आत घेतलं.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात डेडलॉकवर आठ मार्कांचा प्रश्न असायचा. लायसन्स सोडवायला पैसे हवेत, पैशाला नोकरी हवी, नोकरीला जायला गाडी हवी, गाडीला लायसन्स हवं. इथल्या उपनगरांत राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या शेजारच्या आर्लिंग्टनमध्ये जवळपास चार लाख माणसं राहतात, आणि ठरावीक मार्गावर धावणारी शहर बस नाही. फोनवरून बोलावली की येणारी व्हॅन आहे. स्वारगेटला उभं राहून पीएमटीला शिव्या दिल्याचा मला मनापासून पश्चात्ताप झाला.

टेक्सासची ही योजना वाईट आहे हे कळायला फार वर्षं लागली नाहीत. मग ती रद्द व्हायला सोळा वर्षं का लागली? कारण सरचार्जचे निम्मे पैसे ट्रॉमा हॉस्पिटलांना जायचे, म्हणजे अपघातात जखमी झालेल्यांवर उपचार करणाऱ्यांना. योजना रद्द करा म्हटलं की कोणीतरी विचारणार, मग हॉस्पिटलला पैसे कुठून देऊ? या प्रश्नाचं उत्तर २०१९ मध्ये मिळालं. प्रत्येक गाडीच्या विम्यावरची दोन डॉलरची फी चार केली, आणि वाहतुकीच्या प्रत्येक दंडावरचा राज्याचा वाटा ३० डॉलरवरून ५० केला. १ सप्टेंबर २०१९ ला योजना संपली. सुमारे अडीच अब्ज डॉलरची न वसूल झालेली रक्कम सोडून दिली, आणि सहा लाखांहून अधिक लोकांची लायसन्स सुटली. कधीच हाती न येणाऱ्या पैशासाठी एवढी माणसं अडकून पडली होती. बाकी कितीतरी लोकांच्या मागे दुसरी काही ना काही अडवणूक शिल्लक राहिलीच.

देशाचं लक्ष या सगळ्याकडे गेलं ते मात्र टेक्सासमुळे नाही, फर्ग्युसनमुळे. ऑगस्ट २०१४ मध्ये मिसुरीतल्या या गावात पोलिसाच्या गोळीने मायकल ब्राऊन हा तरुण मेला, दंगली झाल्या, आणि मार्च २०१५ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने गावच्या पोलिसांवर आणि कोर्टावर अहवाल काढला. एकवीस हजार वस्तीच्या गावचं कोर्ट दंडाच्या पैशावर डोळा ठेवून चालत होतं. डिसेंबर २०१४ मध्ये त्या एका कोर्टाची वॉरंटं सोळा हजारांहून अधिक लोकांच्या नावावर होती! (त्यात बाहेरगावचेही आले.) त्या अहवालातल्या एका बाईची गोष्ट डोक्यातून जात नाही. २००७ मध्ये चुकीच्या जागी गाडी लावली, दंड १५१ डॉलर आणि वर फी. तिने एकदा २५ आणि एकदा ५० डॉलर भरायचा प्रयत्न केला, तर सगळे एकदम भरा म्हणून कोर्टाने ते परत केले. सहा दिवस तुरुंगात गेले. सात वर्षांत तिने ५५० डॉलर भरले, आणि तरी ५४१ देणं बाकीच होतं. हिशेब दोनदा तपासला, बरोबर आहे.

मग ठिकठिकाणी लोक आपापल्या राज्याची खाती उघडून बघायला लागले. कॅलिफोर्नियात २०१५ च्या एप्रिलमध्ये निघालेल्या एका अहवालात आकडा आला, दंड न भरल्यामुळे किंवा तारखेला हजर न राहिल्यामुळे सस्पेंड झालेली लायसन्स चाळीस लाखांहून अधिक. तिथे शंभर डॉलरचं तिकीट वेगवेगळे अधिभार लागून ४९० व्हायचं आणि तारीख चुकली की ८१५. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाने पैसे न भरल्याबद्दल लायसन्स सस्पेंड करणं थांबवलं. व्हर्जिनियात फॉस्टर केअरमध्ये वाढलेल्या, नोकरी गेलेल्या आणि त्यात कॅन्सर झालेल्या एका तरुणाने आणि त्याच्यासारख्या काहींनी २०१६ मध्ये दावा लावला. २०१९ मध्ये गव्हर्नर नॉर्दम यांनी बजेटमध्येच दुरुस्ती घातली. १ जुलैपासून सहा लाखांहून अधिक लोकांना लायसन्स परत मिळवायची वाट मोकळी झाली, तीही सोडवायची फी न भरता. २०२० मध्ये तो कायमचा कायदा झाला. न्यूयॉर्कमध्ये २०२० च्या शेवटच्या दिवशी सही झाली. कोर्टांचं मत मात्र एक नाही. मिशिगनच्या खटल्यात २०१९ मध्ये केंद्रीय अपील कोर्टाने, अशी सस्पेन्शन घटनेत बसतात असा निकाल दिला. पुढे मिशिगनच्या विधिमंडळानेच कायदा बदलला.

आता माझ्याकडे येतो. टेक्सासमध्ये सरचार्ज गेला, पण नूतनीकरण अडवणारा होल्ड आहेच. तो नव्वदच्या दशकापासूनचा आहे. गाव राज्याला कळवतं, राज्य लायसन्स रिन्यू करत नाही. तांत्रिकदृष्ट्या हे सस्पेन्शन नाही. पण मुदत संपल्यावर फरक काय पडतो, तुम्हीच सांगा.

ऑफिसातल्या एका सिनियरने, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, सुट्टी टाकून मला त्या गावी नेलं. "अरे येड्या, तिकीट कोणी विसरतं का?" हे वाक्य त्याने जाताना चार वेळा आणि येताना दोन वेळा म्हटलं. कोर्ट म्हणजे एक बैठी इमारत, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि थंडगार एसी. माझ्या शेजारी पन्नाशीचा एक माणूस बसला होता, घरांच्या छपरांची कामं करणारा. हातात कागदांची जाड फाईल. माझी फाईल बघून त्यानेच विषय काढला. "किती ठिकाणी?" मी म्हणालो एकच. तो हसला. त्याचं चार गावांत होतं. सुरुवात झाली ती विमा हप्ता चुकला त्या महिन्यात पकडल्यापासून, मग तो २५० चा सरचार्ज, सस्पेन्शन, मग तसाच कामावर जाताना पकडला, पुन्हा २५०. "२०१९ ला राज्याचं सगळं माफ झालं, तेव्हा आम्ही घरी केक कापला," म्हणाला. पण गावागावांच्या कोर्टांचे मूळ दंड तसेच होते. चारातली तीन गावं त्याने फेडली होती. हे चौथं.

माझा नंबर आधी आला. मूळ १९०, वॉरंटची फी ५०, त्यावर वसुलीवाल्यांचे तीस टक्के आणि होल्डचे १०. एकूण ३२२. क्रेडिट कार्ड काढलं, मशीनमध्ये घातलं, पावती आली. काउंटरवर मला चार मिनिटं लागली. क्लार्क बाई म्हणाल्या, काही दिवसांत होल्ड निघेल.

त्याला न्यायाधीशांपुढे जायचं होतं. माणसाने मुद्दाम भरलं नाही की त्याला भरताच आलं नाही, हे कोर्टाने आधी बघितलं पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने बेर्डन विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात १९८३ मध्येच सांगून ठेवलंय. आणि २०१७ पासून टेक्सासमध्ये शिक्षा देतानाच ऐपत विचारायची असा कायदाही आहे. दादाला कॉफी हवी होती, म्हणून आम्ही थांबलो होतो. वीस मिनिटांनी तो बाहेर आला. महिना पन्नासचे हप्ते मिळाले होते. आणि होल्ड? तो शेवटचा हप्ता भरल्यावर. कोर्टाने ठरवलं तर आधी काढता येतो, पण या कोर्टाने तसं ठरवलं नव्हतं. आठ महिने. त्याने फाईल बगलेत मारली आणि समोरच्या बाकावर बसून बायकोची वाट बघायला लागला. ती कामावरून सुटल्यावर त्याला न्यायला येणार होती.

परतीच्या वाटेवर दादाशी माझा वाद झाला. तो म्हणाला, होल्ड नसता तर तू जन्मात पैसे भरले असतेस का? नसते भरले, हे खरं आहे. मला चटका बसला तो होल्डमुळेच. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे आहेत आणि आळस आहे, त्याच्यावर हे हत्यार चालतं. पण त्यासाठी ते सगळ्यांवर चालवायचं का? नाहीतर मग माझ्यासारख्यांना कसं पकडायचं? हायवेवरच्या ढाब्यासारख्या एका बार्बेक्यूच्या दुकानात थांबलो तरी वाद मिटला नव्हता. गाडी दादा चालवत होता, त्यामुळे शेवटचा शब्द त्याचा राहिला.

होल्ड निघाला नवव्या दिवशी. पुन्हा रांग, पुन्हा फोटो. (या फोटोत मी पहिल्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा दिसतो.) खिडकीवर नेमक्या त्याच बाई होत्या. त्यांनी विचारलं, पत्ता तोच आहे ना? मी म्हणालो, नाही, आणि दोनदा स्पेलिंग सांगून नवा पत्ता लिहून घ्यायला लावला. कार्ड काल टपालाने आलं.